टाचेतले तीन खिळे

हवालदार चंपतभाऊ माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ठाण्यात कोणीही आला की म्हणत, "थोबाड राहू दे, तळवा दाखव." मग त्याला एका पायावर उभा करून चप्पल उलटी धरत आणि तिच्याशीच बोलत.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यातल्या सावली गावी नवा फौजदार म्हणून गेलो. ठसे घेण्याचं रीतसर शिक्षण माझं झालं होतं, भाऊंचं नव्हतं. हे मी त्यांना रोज ऐकवत असे.

एकदा पाटलाच्या परसातून पितळी घंगाळ चोरीला गेलं. न्हाणीमागच्या चिखलात मला सुरेख ठसा दिसला. भोवती पत्र्याची पट्टी रोवून मी प्लास्टर ओतलं. पहिलं खिरीसारखं वाहून गेलं, दुसरं जमलं. साच्यात टायरची नक्षी! त्या दिवशी पाटलाकडे मासे द्यायला आलेल्या किसन ढिवराच्या पायात टायरचीच चप्पल. धरला, कोठडीत घातला.

"साहेब, मी परसात गेलोच नाई!" तो रडत होता.

भाऊ म्हणाले, "लाकडाच्या ठेकेदाराचा टायर फुटला, तो मोच्यानं घेतला. अर्ध्या गावाच्या पायात तोच टायर हाये. कोनाकोनाले धरता?"

मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी किसनला चांद्याच्या कोर्टात न्यायचं ठरवून कागद तयार केले.

आदल्या दुपारी भाऊंनी साचा धुतला. टाचेत तीन खिळे. किसनच्या चपलेत दोनच. तिसऱ्याचं भोकसुद्धा नाही.

"मग चोर कोण?"

"साहेब, तळवा दाखवा."

चिखलात बूट खराब होतात म्हणून मीही त्याच मोच्याकडून चप्पल घेतली होती. एक, दोन, तीन. पाहणीला परसात सगळ्यांच्या आधी मीच शिरलो होतो.

"म्हणजे मी चोर?" मी खरोखरच विचारलं.

"आता तुमाले आत टाकू का काय!" म्हणत भाऊ निघून गेले.

सुटकेचा कागद लिहिताना मी तीन ताव फुकट घालवले. किल्ली घेऊन कोठडीशी गेलो, तर गजांच्या आत किसन, बाहेर चंपतभाऊ, आणि दोघांपुढे एकाच डब्यातला भात.

"आज मीठ कमी हाये, भाऊ."

"काल जास्त झालं म्हनला ना तू!"

भाऊंची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. ते घरी कोणासोबत जेवतात, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

किल्ली वाजली तसे भाऊ हळूच म्हणाले, "सोडा साहेब, सोडाच त्याले. पर जेवन होऊ द्या."

मी किल्ली मुठीत धरून पायरीवर बसलो.