शांताक्कांच्या घरातल्या दोघी

शांताक्का स्वतःसाठी चहाचे दोन कप भरत. एक नटीचा, गोडमिट्ट. दुसरा लेखिकेचा, बिनसाखरेचा. मग दोन्ही आळीपाळीने त्याच पीत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत मी बदलून आलो आणि तिथल्या नाटकवेड्यांनी मला धरून प्रॉम्प्टर केलं. त्यांच्या नाट्यमंडळाची नाटकं लिहायच्या शांताक्का, मुख्य कामही त्याच करायच्या. दिवसा शाळेत मास्तरीण.

आमचे दिग्दर्शक म्हणजे हेडक्लार्कसाहेब. ते भीत भीत म्हणत, "अक्का, हे भाषण जरा कापू या." अक्का हात झटकत. "मला काय सांगायलात? मी नटी हाय. लेखिकेला इचारते." दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, "न्हाई म्हणली. लई खडूस बाई हाय!" एकदा तर 'दोघींचं वाजलंय' म्हणून आठवडाभर तालीम बंद होती. आम्ही हसून बेजार.

त्या वर्षी दुष्काळ पडला. अक्कांनी टँकरच्या रांगेत उभं राहून, रिकाम्या घागरीवर वही टेकवून नवं नाटक लिहिलं. शेजारणींची भांडणं त्यात जशीच्या तशी उतरली. नायिका होती आटलेल्या विहिरीशी बोलणारी म्हातारी. इतकं सुंदर काम त्यांनी स्वतःसाठी कधीच लिहिलं नव्हतं.

पण तालमीत त्या अडायला लागल्या. मी शब्द पुरवायचो, आणि त्या फणकारायच्या, "लेखिकेनं वाक्यच वाकडं लिवलंय!" सगळे हसायचे. स्वतःचीच वाक्यं त्या विसरताहेत हे फक्त मला कळत होतं, कारण वही माझ्या हातात होती.

एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "खरं सांग, आज कितीदा अडले?"

"दोनदा, अक्का," मी खोटं बोललो.

त्यांनी माझ्या हातातली वही मिटली. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "नटीला काढलं. लेखिकेचा हुकूम हाय. नाटक पडू द्यायचं न्हाई तिला." म्हातारीचं काम हदगावकडच्या एका तरुण नर्सला मिळालं. मंडळी नेहमीसारखी हसली. मला मात्र माझ्या खोटेपणाची लाज वाटली.

नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग नांदेडला झाला. अक्का विंगेत माझ्या शेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या अंकात पोरगी अडली. मी घाईघाईने वहीत ओळ शोधतोय, तोवर अक्कांनी ती हळूच पुरवली सुद्धा. नेमकी तीच ओळ, जिथं त्या स्वतः रोज अडायच्या.

"अक्का, पाठ आहे की तुम्हाला!"

"सगळंच पाठ हाय रे. उजेडात पाय टाकला की जातंय."

पुढं शेवटपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत सगळं काम करत राहिल्या. विहिरीपाशी पोरगी रडली तेव्हा त्याही रडल्या. पडदा पडला, टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पोरगी पुढं जाऊन वाकली.

इकडे विंगेत, अंधारात, पदर सावरून अक्काही वाकल्या. मला रडू आवरेना. वही काखेत मारून मी एकटाच त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या.