अर्ध्यावर अडकलेला झेंडा

"आयनरआजोबा, आपल्या अंगणात एवढा उंच खांब आहे, मग त्यावर झेंडा का नसतो हो?"

हा प्रश्न विचारायची हिंमत गावात कोणाचीच नव्हती. म्हणून तर वर्गातल्या सिग्ने आणि मालूने तो रायसाच्या गळ्यात मारला होता! "विचारून दाखव," शाळेच्या बसमध्ये सिग्ने म्हणाली होती, "तर तू खरी ब्राझीलची!" आता ब्राझीलचं नाव निघाल्यावर मागे हटेल ती रायसा कसली?

आजोबांनी वर्तमानपत्राच्या वरून तिच्याकडे पाहिलं. माशाने गळाकडे पाहावं तसं.

"दोरी चढत नाही," एवढं बोलून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रामागे बुडी मारली.

बस, तीनच शब्द! पण दोन महिन्यांत आजोबा तिच्याशी एका दमात इतकं कधी बोललेच नव्हते. रायसाला तर भाषण ऐकल्यासारखं वाटलं.

ऑगस्टमध्ये ती ब्राझीलमधल्या रेसिफेहून डेन्मार्कच्या या बेटावर आली ती वर्षभर इथल्या शाळेत शिकायला. पहिल्या आठवड्यात इतकी रडली, की बेटाभोवतीचा समुद्र वीतभर वाढला असेल! "ममा, मला घेऊन जा!" असं फोनवर म्हणाली मात्र, पापांनी लगेच डिसेंबरचं तिकीट धरून ठेवलं. आता ते पक्कं करायचं की सोडायचं, हे तिने शनिवारी सांगायचं होतं.

आणि तिचं तिलाच ठरत नव्हतं! आता तिला भाषा येत होती, वर्गात ती विनोद करत होती, आणि मुख्य म्हणजे लोक योग्य जागी हसत होते. पण हे घर! रेसिफेत त्यांच्या घराचं दार बंद करायला कोणाला सवडच मिळायची नाही. इथे दोन महिन्यांत दाराची घंटा एकदाही वाजली नव्हती. लोक रस्त्यावर हसायचे, "बरं आहे ना?" म्हणायचे आणि पुढे जायचे. ज्या घरात कोणी येत नाही, तिथे वर्ष कसं काढायचं?

त्यात शनिवारीच आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस! गावात कुत्र्याचा वाढदिवस असला तरी अंगणात झेंडा चढायचा, आणि या घरात मात्र सुतकी शांतता.

"बाबांनी निक्षून सांगितलंय, गाजावाजा नको," रायसाला ठेवून घेणारी आजोबांची मुलगी, बिर्गिट, सकाळी बेकरीत कामाला निघताना म्हणाली. "ते शेडमध्ये बसलेत. बसू दे. मी आले की बघू."

बिर्गिटची सायकल वळणाआड गेली आणि रायसाने पेटीतून झेंडा काढला! आता दोरी कशी चढत नाही तेच बघते! तिने दोरी ओढली, लोंबकळली, झेंड्याला पोर्तुगीजमधून चार शिव्याही दिल्या. झेंडा खांबाच्या मध्यापर्यंत गेला आणि हट्टी गाढवासारखा अडून बसला. ना वर, ना खाली!

रायसा हरली नाही. तिने विचार केला, आजोबांना गाजावाजा नको ना? मग अर्धा झेंडा म्हणजे अर्धा गाजावाजा! त्यांचंही राहिलं, माझंही राहिलं! तिने दोरी खुंटीला गुंडाळली आणि खुशीत कॉफी ठेवली.

कॉफी उकळायच्या आत घंटा वाजली. घंटा! या घरात!

दारात शेजारच्या गुद्रुनकाकू. अंगात काळा कोट, हातात पांढरी लिली. एरवी हात मिळवतानाही अंतर राखणाऱ्या काकूंनी रायसाला चक्क मिठी मारली.

"पोरी, मला निरोप तरी द्यायचास गं!"

"आजोबांना गाजावाजा नको होता ना, काकू! पण मी म्हटलं, असं कसं? ऐंशी वर्षं म्हणजे चेष्टा आहे का? आमच्याकडे तर आज ढोल वाजले असते! सगळी गल्ली नाचली असती!"

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "आणि… आहेत कुठे ते?"

"मागे. शेडमध्ये."

"शेडमध्ये?"

"सकाळपासून. बिर्गिट म्हणाली राहू दे तिथेच, कामावरून आले की बघू."

"बिर्गिट कामावर गेलीय?"

"शनिवारी बेकरीत गर्दी असते ना!"

काकूंनी लिलीचा वास घेतला, बहुधा चक्कर येऊ नये म्हणून.

तेवढ्यात आजोबांचे बंदरावरचे पत्त्यांचे दोस्त विगो आले. टोपी हातात, नाक लाल. "कालच त्याला लबाड म्हणालो गं मी! माफी मागायची राहिली!"

"मग आता मागा की!"

"आता कसा ऐकणार तो?"

"जोरात ओरडा," रायसा म्हणाली. "कानातलं यंत्र काढून ठेवलंय, नुसतं बोललात तर ऐकू नाही जायचं."

विगोंनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी विगोंकडे. बिचारी पोर, धक्क्याने भ्रमिष्ट झाली!

मग घंटा थांबेचना. पाहता पाहता बैठकीची खोली भरली, कोणी सूप आणलं, कोणी केक. रायसा हर्षाने वेडी होऊन सगळ्यांना कॉफी वाटत होती आणि प्रत्येकाला "अभिनंदन!" म्हणत होती. लोक कॉफी गिळत होते आणि तिची नजर चुकवत होते.

शेवटी सिग्ने आणि मालू आल्या. सिग्नेने तिला कोपऱ्यात ओढलं. "रायसा, खरं सांग. आपल्या त्या प्रश्नाने तर नाही ना गेले?"

"कोण गेले?"

"आयनरआजोबा! झेंडा अर्ध्यावर आहे ना! घरात कोणी गेलं, की तसाच लावतात!"

रायसाने किटली खाली ठेवली. तिच्या देशात झेंडा अर्ध्यावर यायला राष्ट्राध्यक्षाच्या तोडीचं कोणीतरी जावं लागायचं. इथे घरचे आजोबा पुरत होते!

आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. कॉफीच्या वासाने आजोबा आत आले. विगोंच्या हातून कप सुटला.

"काय रे," आजोबांनी सगळे काळे कपडे न्याहाळत विचारलं, "कोण गेलं?"

"तू!" विगो ओरडले.

आजोबा वळले. सरळ अंगणात गेले आणि खांबापाशी उभे राहिले. मागोमाग सगळा गाव. रायसाला वाटलं, डिसेंबर कशाला, आज संध्याकाळचंच विमान बघावं!

"इंगे गेली तेव्हा असाच अर्ध्यावर होता," गुद्रुनकाकू तिच्या कानाशी पुटपुटल्या. इंगे म्हणजे आजोबांची बायको. "त्यानंतर आयनरने दोरीला हात लावला नाही. आणि आम्हालाही इथे यायला काही निमित्त उरलं नाही."

"आजोबा, माझी चूक झाली," रायसा मोठ्याने म्हणाली. "मी काढते तो."

आजोबांनी दोरी हातात घेतली. खाली एक झटका, वर एक. पीळ सुटला.

"काढतेस काय? ओढ," ते म्हणाले. "असाच ठेवलास तर दुपारपर्यंत शवपेटीवाला माप घ्यायला येईल!"

दोघांनी मिळून ओढलं. झेंडा सरसर वर गेला, टोकाला जाऊन फडफडला, आणि गुद्रुनकाकूंनी वाढदिवसाचं गाणं काढलं. त्या काळ्या कोटातच! बेकरीच्या गल्ल्यावर सहा जणांनी सांत्वन केल्यामुळे हादरलेली बिर्गिट पिठाच्या एप्रनमध्ये धावत आली, ती वडिलांच्या गळ्यातच पडली. विगो माफी मागत होते आणि आजोबा "पुन्हा सांग, ऐकू नाही आलं," म्हणून ती चार-चारदा मागवून घेत होते.

दुपारी रेसिफेहून फोन आला. रायसाने एका कानात बोट घातलं.

"काय गं, ठरलं का?" ममाने विचारलं. "आणि मागे एवढा गोंधळ कसला? तू तर म्हणतेस, तिथे कोणी येतच नाही!"

"ममा, पापा, नीट ऐका! तिकीट सोडून द्या. मी डिसेंबरमध्ये येत नाहीये. पूर्ण वर्ष इथेच राहणार!"

पलीकडे पापांनी फोन ओढून घेतला. मग पापांचा संशयी आवाज, "एकदम असं काय केलंस तू तिथे?"

"विशेष काही नाही, पापा. सकाळी चुकून एका आजोबांना मारलं. पण आता बरे आहेत, केकचा तिसरा तुकडा खातायत!"