सूनबाईची अक्कलदाढ

बेत अगदी बिनतोड होता. सासूबाईंना सांगायचं, अक्कलदाढ काढायला जातोय; जायचं, तांबी बसवून घ्यायची आणि जेवायच्या वेळेला घरी हजर! सूनबाई शर्टांच्या कारखान्यात कटिंगला होती. एका दमात कापडाचे चाळीस थर कापणारी बाई, तिला एवढीशी थाप काय जड जाणार?

एक तारखेपासून तिला कटिंग मास्टरची जागा मिळायची होती. याआधी दोनदा ती जागा हातातोंडाशी आली, आणि दोन्ही वेळा हिला उलट्या सुरू झाल्या! पोरं म्हणजे जीव की प्राण, पण आता तिला मास्टरच व्हायचं होतं. सासूबाई मात्र पाळणा माळ्यावर टाकू देत नव्हत्या. "राहू दे गं, कुठं जागा अडवतोय?" म्हणायच्या. अर्धी खोली त्यानंच अडवली होती.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन प्रकार मांडले. "ही तांब्याची, दहा वर्षं चालते, पण पाळीला रक्त जरा जास्त जातं. ही हार्मोनची, हिनं कमी जातं, पण मुदतही कमी. कुठलीही हवी तेव्हा काढता येते."

"दहा वर्षं!" नवरा उडालाच. "आमच्या फ्रीजला दोनच वर्षांची गॅरंटी होती!"

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दहा वर्षांत धाकटा सहावीत जाईल, असा विचार करून सूनबाईनं तांब्याची घेतली. पाच-दहा मिनिटांचं काम, एक कळ, आणि झालं!

घरी दारातच सासूबाईंनी गाठलं. "कुठली काढली?"

"डावी," सूनबाई म्हणाली.

"उजवी," नवरा म्हणाला.

"दोन्ही!" दोघं एकदम म्हणाली.

"अगं बाई, दोन दोन! मग आज जेवण बंद." सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढून 'अरेरे' म्हटलं आणि पुन्हा आत घातलं. सूनबाईपुढे गार दुधाचा पेला आला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि नवरा समोर बसून दुसऱ्यांदा भात मागतोय! तेवढ्यात थोरली म्हणाली, "आई, आ कर!" हिनं सवयीनं केला. "आजी, सगळे दात आहेत!"

"त्या मागच्या होत्या! तुला दिसणार नाहीत!" नवरा ओरडला.

इतक्यात सूनबाईच्या ओटीपोटात कळ आली आणि तिनं पोट धरलं. सासूबाई लगबगीनं शेकायची पिशवी घेऊन आल्या. नवऱ्यानं ती हिसकावून बायकोच्या गालावर दाबली. कळा पोटात, शेक गालाला!

"तू पोरांना घेऊन बाहेर जा," सासूबाईंनी लेकाला पिटाळलं. मग गालावरची पिशवी काढून त्यांनी अलगद सुनेच्या पोटावर ठेवली.

"इथं शेक. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा मलाही इथंच दुखलं होतं."

सूनबाईनं आ वासला. "आई, तुम्हीसुद्धा?"

"तुझे सासरे अजून विचारतात, दाढ त्रास देत नाही ना!"

"मग तो पाळणा?"

"तुम्हाला हवा असेल म्हणून ठेवला, बाई! तुम्ही कधी बोललात का?"

सूनबाईला रडूच आलं. सासूबाईंनी तिचे डोळे पुसले आणि गरमगरम जेवण पुढ्यात ठेवलं. पहिला घास तोंडात जातोय तोच नवरा परतला, आणि इमानदारीनं थाप निभवायला धावला.

"आई, काय करतेस! डॉक्टरांनी सांगितलंय, दहा वर्षं काही चावायचं नाही!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या, "मग तोवर तो पाळणा माळ्यावर टाक!"