अर्ध्याच्या खाली

शिडाच्या बोटीवर राहायला आल्यापासून निवृत्त प्राध्यापकांचा जीव चार बॅटऱ्यांत अडकला होता. दिवे, पंखा, फ्रिज सगळं त्यांच्यावर चाले, आणि त्या अर्ध्याच्या खाली उतरल्या की अल्पायुषी होतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बायको दिवा लावी. हे मीटरसमोर बसून सुस्कारे सोडत.

"ताई आणि भावोजी दोन दिवस येताहेत," बायकोने बजावलं. "त्यांच्यादेखत विजेवरून चकार शब्द काढलात, तर बोट विकायची आणि मुकाट्याने फ्लॅटवर परत जायचं."

प्राध्यापकांनी मान्य केलं. गप्प बसायला वीज लागत नाही.

साडू आले ते चार्जरांची पिशवी घेऊन. मेहुणीने केस वाळवायचं यंत्र काढलं. आभाळ भरलेलं, त्यामुळे सोलर पॅनेल नुसतं शोभेला.

"साडूभाऊ, पंखा वाढवू का जरा?"

"वाढवा की."

"बर्फ अजून जमेल ना?"

"जमेल की." प्राध्यापकांचा आवाज मीटरबरोबर खाली चालला होता.

काटा अर्ध्याला टेकला. इंजिन चालवून चार्ज करता आलं असतं. पण साडूंची वामकुक्षी चालू होती, आणि 'इंजिन कशाला?' असं कुणी विचारलं असतं तर उत्तर विजेवरूनच द्यावं लागलं असतं. शेवटी प्राध्यापकांनी इंजिन सुरू करायची राखीव बॅटरीही बाकीच्यांना जोडून दिली. पंखा आनंदाने फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना धक्क्यावर सोडायचं होतं. प्राध्यापकांनी किल्ली फिरवली. इंजिन 'टक' म्हणालं आणि गप्प झालं.

"काय झालं हो?" साडूंनी विचारलं.

प्राध्यापकांनी बायकोकडे पाहिलं. "हवा छान आहे आज," ते म्हणाले.

बायकोने त्यांना पुढच्या टोकाला ओढत नेलं. "बॅटऱ्या बसल्या ना? अहो, सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर बोट गेली असती."

"कमाल आहे तुमची. बरं, मी शब्दाला जागते. बोट राहिली."

शेजारच्या बोटीवाल्याने आपली बॅटरी आणून जोडली आणि इंजिन धडधडलं. प्राध्यापकांना भरून आलं. तेवढ्यात मेहुणी हसत बाहेर आली.

"अगं, आम्ही आठवडाभर राहतोय! हे म्हणतात, साडूभाऊंसारखा दिलदार माणूस पाहिला नाही. घरी हे मला दुसरा दिवा लावू देत नाहीत गं!"

प्राध्यापकांनी बायकोच्या कानात पुटपुटत विचारलं, "ती अट आता संपली ना?"

"पाहुणे गेले की संपेल," बायको म्हणाली.

आतून साडूंची हाक आली, "साडूभाऊ, इस्त्री कुठे लावू?"