दोनच बटणं

औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपच्या पडद्यावर दोनपेक्षा जास्त बटणं असता कामा नयेत, हा नियम ज्या बाईंनी केला त्यांना ऑफिसात सगळे ‘सोप्याताई’ म्हणत. त्या रुजू झाल्या तेव्हा पडद्यावर नऊ बटणं होती. वर्षभरात त्यांनी सात काढली आणि प्रत्येक बटणाला टाळ्यांच्या गजरात निरोप देण्यात आला. उरली ‘घेतलं’ आणि ‘थोड्या वेळाने’. गोळीच्या बाबतीत मनुष्यप्राण्यासमोर तिसरी शक्यता नसते, हे त्यांनी वरिष्ठांना तक्त्यासह सिद्ध करून दाखवलं आणि त्यांना बढती मिळाली.

सर्वांत शेवटी गेलं ते ‘रुग्ण हयात नाही’. त्यावर तर चर्चाही झाली नाही. आकडे सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे आकडेशास्त्री म्हणत, एवढंच म्हणाले होते, “हे बटण एकदा दाबलं की ग्राहक परत फिरकतच नाही. भलतंच घातक बटण आहे.” ते सगळ्यांना पटलं.

पाच महिन्यांनी सोप्याताईंचे बाबा गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबांचा फोन प्रसन्न आवाजात म्हणाला, “नमस्कार! पिवळी गोळी घ्यायची वेळ झाली.” पाच मिनिटांनी तेच, जरा चढ्या आवाजात. दहाव्या मिनिटाला सोप्याताईंच्या फोनवर संदेश आला: ‘आपले वडील गोळी घेत नाहीत. त्यांच्याशी प्रेमाने बोला.’ आईने गांगरून ‘थोड्या वेळाने’ दाबलं, तर फोन दर पंधरा मिनिटांनी बोलू लागला. संध्याकाळी तिने हात टेकले आणि ‘घेतलं’ दाबलं. फोन म्हणाला, “शाब्बास!”

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला.

“अगं, भीक नको पण कुत्रं आवर! दिवसातून तीनदा खोटं बोलतेय मी. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या वतीनं एवढं खोटं बोलले नव्हते.”

“मग ॲप काढून टाक ना, आई.”

“आणि माझी साखरेची गोळी? दवाखान्यातली मुलगी ॲपवर नाव असल्याशिवाय पुडी हातात देत नाही. आणि तूच ना केलंस ते ‘एक घर, एक खातं’? ह्यांना काढलं की मीही जाते म्हणे.”

आपलेच दात नि आपलेच ओठ. सोप्याताईंनी त्याच दिवशी, खातं न मोडता एकट्याचंच नाव गाळणारं ‘हयात नाही’चं बटण परत आणण्याचा अर्ज केला. अर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्यांनाच होता. पण अर्जदाराने स्वतःचा अर्ज मंजूर करू नये, असा नियमही त्यांनीच केलेला होता. बैठक बोलवावी लागली; ती भरायला दोन महिने गेले.

“तीन बटणं?” पडद्याची रंगसंगती ठरवणाऱ्या बाई दचकल्या. “तिसरं बटण दिसलं की माणूस विचार करायला लागतो, ताई. हे तुमचंच वाक्य आहे. मी भिंतीवर लावलंय.”

“वेगळं बटण हवंच कशाला?” कायदेसल्लागार म्हणाले. “मृत्यू ‘थोड्या वेळाने’मध्येच धरता येईल. थोडा म्हणजे किती, हे आपण कुठं लिहिलंय? तत्त्वतः चूक नाही.”

आकडेशास्त्री मघापासून कागदाकडे बघत होते. “गेल्या महिनाभरात एकही वेळ न चुकता गोळी घेणारे आपले अकरा हजार ग्राहक आहेत,” ते सावकाश म्हणाले. “मला फार अभिमान होता त्यांचा. पण ताई, जिवंत माणूस विसरतो हो.”

त्यांनी कागद ताईंपुढे सरकवला.

“तुमचे बाबा पहिल्या दहांत आहेत,” ते म्हणाले.

जिवंतपणी बाबा दिवसाआड पिवळी गोळी मोगऱ्याच्या कुंडीत पुरत. मोगऱ्याचा रक्तदाब उत्तम राहिला. सोप्याताईंना हे माहीत होतं.

“मग अशा लोकांना हात का लावायचा?” मोठे साहेब म्हणाले. “आपले सर्वांत निष्ठावंत ग्राहक आहेत ते. एक तक्रार नाही.”

“साहेब, माझी आई रोज तीनदा...” एवढं बोलून सोप्याताई थांबल्या.

“भावना समजते, ताई. पण नियम तो नियम. एक बटण आत यायचं तर एक बाहेर जायला हवं. कुठलं काढू, सांगा.”

‘घेतलं’ काढलं तर आकडे कुठून आणायचे? तेव्हा ‘थोड्या वेळाने’ काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सोप्याताईंनीही हात वर केला.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी त्या आईकडे होत्या. आठ वाजता बाबांचा फोन बोलला. पडद्यावर दोन बटणं होती: ‘घेतलं’ आणि ‘हयात नाही’. आईने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

“तू दाब.”

“आई, तूच दाब ना.”

“तुझं बटण आहे. तू दाब.”

सोप्याताईंनी दाबलं. फोन म्हणाला, “धन्यवाद. आपला अनुभव कसा होता?” आणि त्याने पाच तारे दाखवले. आईने फोन पालथा घातला, उठून पाणी घेतलं आणि कुणी सांगायच्या आत आपली गोळी गिळली.

पण नवी आवृत्ती काही एकट्या आईसाठी नव्हती. ती घरोघरी गेली. ‘आधी चहा, मग गोळी’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. काहींनी वैतागून ‘हयात नाही’ दाबलं, त्यांच्या पुड्या दवाखान्याने थांबवल्या. आपण जिवंत असल्याचं कळवायला ते पडदाभर बटण शोधत राहिले. त्यांची गत पाहून बाकीचे शहाणे झाले. आता गोळी पोटात असो वा डबीत, सगळे, गेलेल्यांच्या घरचेसुद्धा, वेळेवर ‘घेतलं’ दाबतात. अकरा हजारांचे चार लाख झाले आहेत. त्यांतले जिवंत कोण नि मेलेले कोण, हे आकडेशास्त्र्यांना सांगता येत नाही.

आज सकाळी आठ वाजता तुम्हीही डोळे न उघडताच ‘घेतलं’ दाबलंत. तुम्हाला कुठल्या रकान्यात धरायचं, तेवढं कळवा. बटण नाही त्याला. तुमचं तुम्ही बघा.