मागच्या फळीवरचं भांडं

आपल्या घरातलं जुनं वापरणं ही ओढाताण आणि दुसऱ्याच्या घरातलं जुनं विकत आणून वापरणं ही अभिरुची, हे समाजाने एकदा मान्य केलं आहे. त्यावर फेरविचार होण्याची शक्यता नाही.

वहिनीला हे जरा उशिरा कळलं. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुणाला काय दिसत नाही, हे ती चुटकीसरशी सांगते. मागच्या पानगळीत धाकटी नणंद जेवायला आली, टेबलावरच्या एकसारख्या पांढऱ्या ताटल्यांवरून तिने नजर फिरवली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्याकडे कसं सगळं साधं असतं गं. मला बाई आवडतं." तो 'साधं' शब्द वहिनीच्या जिव्हारी लागला. वर्षभर तो तिच्या घशात काट्यासारखा अडकून होता. यंदा तो शब्द नणंदेने स्वतःच्या तोंडाने परत घ्यावा, एवढ्याचसाठी तिला पुन्हा जेवायला बोलावण्यात आलं. बाकी भोपळ्याचं सूप वगैरे निमित्ताला.

पानगळीत पाहुण्यांसाठी टेबल मांडायचे नियम कडक आहेत. दोन ताटल्या एकमेकींसारख्या असता कामा नयेत. (वहिनीकडे अख्खा संच होता. तो माळ्यावर टाकून बेजोड ताटल्या गोळा करण्यात तिचे बरेच रविवार गेले.) टेबलावरचं कापड चुरगळलेलं हवं, पण आधी इस्त्री करून मग चुरगळलेलं. मेणबत्त्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत लावाव्यात. बाटल्या रिकाम्या नसतील तर घरात कुणाला तरी खोकला यायला हवा. (नवऱ्याला आला.) वाळकी पानं वाऱ्याने आत आल्यासारखी दिसावीत. ही पानं वहिनीने गल्ली झाडणाऱ्या बाईंच्या ढिगातून निवडून आणली, ओल्या फडक्याने पुसली आणि एकेक करून डिंकाने चिकटवली. बाईंनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि उरलेलं पोतंही घरपोच द्यायची तयारी दाखवली.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, "कुठे मिळालं?" असं विचारल्यावर खांदे किंचित उडवून "सहज सापडलं" म्हणायचं. (जाणकारांच्या पाहणीनुसार अशा सहज सापडलेल्या वस्तूंसाठी शेकडा ब्याण्णव बायकांच्या पायांचे तुकडे पडतात. उरलेल्या आठ जणी खरं सांगत नाहीत.) वहिनीने आरशासमोर उभं राहून याचा भरपूर सराव केला.

राहता राहिलं मधोमध ठेवायचं भांडं. ते जुन्या सामानाच्या दुकानात, मागच्या फळीवर मिळालं. हिरवं, झाकणाचं, झाकणाच्या मुठीचा टवका उडालेलं. असा टवका हल्ली कुणी उडवत नाही, असं दुकानदार म्हणाला. वहिनीने ते पोटाशी धरून घरी आणलं.

"असलंच काहीतरी आपल्याकडे होतं ना?" नवऱ्याने विचारलं.

त्याला दृष्टीच नाही, एकदा दुकानात येऊन डोळे तपासून घ्यावेत, असं तिने सुचवलं. माळा आवरताना तिनेच बांधून दिलेलं खोकं त्याने त्याच दुकानात नेऊन टाकलं होतं. पण हे आत्ता सांगितलं तर आपल्याला जेवायला मिळणार नाही, एवढं त्याला दिसत होतं.

नणंद आली. तिने पानं पाहिली, बाटल्या पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसली. वहिनीचा धीर सुटत चालला. मग नणंदेने भांड्याचं झाकण उचललं आणि मूठ निरखून पाहिली.

"हे कुठे मिळालं?"

वहिनीचे खांदे आपोआप उडाले. "सहज सापडलं."

"सापडलं म्हणजे? माझ्या पहिल्या पगारातून मी तुला दिलेलं हे. हा टवकाही माझ्याच हातून उडालाय. इतके दिवस होतं कुठे?"

ते भांडं वहिनीला आत्ता कुठे स्वच्छ दिसलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो एकाग्रतेने पाव मोडत होता.

"मागच्या फळीवर होतं," ती म्हणाली. हे अक्षरशः खरं होतं.

"तिने स्वतः जाऊन काढून आणलं," नवऱ्याने पुस्ती जोडली. हेही खरंच होतं.

नणंदेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आणि मला वाटायचं, तू ते कधीच टाकून दिलं असशील. वहिनी, तुझ्याकडे साधं असं काही नसतंच गं."

शब्द परत आला. वहिनीला इतका आनंद झाला की तिलाही रडू फुटलं. त्या घटकेला तिला नणंदेबद्दल अगदी मनापासून माया वाटली, आणि सूप दोनदा वाढलं गेलं.

दुकानातली मागची फळी मात्र रिकामी राहिलेली नाही. तिथे आता फोटोची एक चौकट आली आहे. ती तुम्ही मागे कुणाला तरी मोठ्या हौसेने दिली होती. पाठीवर 'प्रेमपूर्वक' लिहिलं आहे आणि खाली तुमचं नाव. दुकानदार म्हणतो, ओलं फडकं फिरवलं की नाव सहज निघतं.