स्कॅनर सोडून सगळे गप्प

माणसाने शिकावं, पण माझ्यासारखं अर्धवट शिकू नये. दुकानाचा कॉम्प्युटर मी विंडोजऐवजी लिनक्सवर एकट्याने चालवतो, हा माझा माज. परवा त्याच्यावर बायको मुख्याध्यापिकेच्या जागेचा अर्ज भरत होती. वीस वर्षं त्या खुर्चीची वाट पाहिलेली, आणि मुदत बारापर्यंत. मी पलीकडे गिऱ्हाइकासाठी साबणावर बारकोडचा स्कॅनर टेकवला, तर तिच्या ‘शाळेविषयीचे विचार’मध्ये तेरा आकडे उमटले.

“अहो! माझ्या विचारांत तुमचा साबण आला!”

लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, ड्रायव्हर भोळा. यूएसबीला जोडलेलं जे कोणी ‘मी कीबोर्ड’ म्हणेल, त्याला पदरात घेतो. स्कॅनरही तेच म्हणतो. पण अमक्याला घेऊ नकोस, असा नियम लिहून देता येतो. मी लगेच बसलो. (स्कॅनरची वायर उपटली असती तरी भागलं असतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय.)

कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत कीबोर्ड दोन. एक नावाजलेल्या कंपनीचा, एक बिननावाचा. बिननावाचा तो स्कॅनर, हे मी नजरेनेच ओळखलं. तीस वर्षं माल पारखतोय! त्याला बंदी घातली. नियम पुढच्या जोडणीपासून लागू. बायकोला खुर्ची सोडली.

बाराला सहा मिनिटं असताना बायको शेवटच्या रकान्यात पोचली: पतीचे वय. तेवढ्यात माऊस अडखळला. तिने सवयीने बिनवायरच्या माऊसचा रिसीव्हर काढून परत खोचला. कीबोर्ड आणि माऊस, दोघांना मिळून तो एकच. बंदी त्यालाच बसलेली; दोघंही मेले. (चांगला कीबोर्ड गिऱ्हाइकाला विकून स्वतःला बिननावाचा लावणारा मीच.)

“काय केलंत?”

“नियम.”

“मागे घ्या!”

“तो टाइप करून घ्यावा लागतो.”

ती घड्याळाकडे बघत मिनिटं मोजू लागली.

जिवंत होता फक्त स्कॅनर. आकडे टाकून एंटरही तोच मारतो, आणि एंटर म्हणजे अर्ज रवाना! सुट्या मालाला आम्ही स्वतःची दोन आकडी बारकोडची लेबलं चिकटवतो. माझं वय त्रेपन्न. त्रेपन्न नंबर म्हणजे मोरीचा ब्रश. धावलो. संपलेला!

“अहो, असेल ते आणा! एकच मिनिट उरलंय!”

हाताला लागलं सत्त्याऐंशी नंबरचं फरशीचं फडकं. टेकवलं. टिक्! अर्ज गेला.

मी तिथेच पोत्यावर बसलो. “नवरा सत्त्याऐंशी वर्षांचा! समितीला काय वाटेल गं?”

“चांगलंच वाटेल,” डोळे पुसत ती म्हणाली. “म्हणतील, घरी एवढा म्हातारा सांभाळते, तिला चारशे पोरं काय जड!”